आगळाचं वजन

परवा बाजारात एका बाईच्या पाटीत यंदाचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, दिसली. काळपट लाल, देठाशी अजून थोडी हिरवट. बाई ते वाट्यावर विकत होती, बाजूचा माणूस तेच किलोवर देत होता. वाट्यात जास्त मिळतील की किलोत, ते मला ठरवता येईना. "किती देऊ काका?" बाईनं विचारलं. "बघतोय," म्हटलं, आणि काहीही न घेता घरी आलो. उगाच एक फळ दाबून पाहिलं होतं, त्याचा वास तेवढा बोटांना लागून आला. आंबट, गोडसर, जरासा ओल्या सालींचा. त्या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा वैशाख आमच्या स्वयंपाकघरात परत आला, घामासकट.

मी जन्मभर मोजण्याचं काम केलं. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. द्रावणं तयार करायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, काटे पुसायचे. आमच्या दारावर मासे घेऊन येणारी सुगंधा मला मास्तर म्हणते. मी मास्तर नव्हतो, पण तिला कधी सांगितलं नाही. नव्या मुलांना मी दर जूनमध्ये एकच गोष्ट बजावायचो, पातळ पदार्थ सिलिंडरनं मोजायचा, सुका पदार्थ काट्यावर. त्यात गोंधळ करायचा नाही. तीस वर्षं हे सांगितलं आणि तीस वर्षं ते बरोबर निघालं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शकुंतला. लग्न होऊन ती हेदवीला गेली. तिला मूलबाळ नाही. मेहुणे गेल्यावर काही वर्षांनी मीच तिला रत्नागिरीला घेऊन आलो. मी लग्न केलेलं नव्हतं, तोवर माझं जेवण खाणावळीच्या डब्यावर चालायचं. आक्का आली आणि घरात फोडणीचा वास आला. तिचं मोजमाप सगळं हातात. तांदूळ ओंजळीनं, तिखट बोटांनी, मीठ चिमटीनं. तिचा स्वयंपाक कधी खारट झाला नाही की अळणी झाला नाही. मी एकदा विचारलंही होतं, "एवढं नेमकं कसं जमतं तुला?" ती म्हणाली, "जमतं म्हणजे काय? घालते."

त्या वर्षी होळी झाली आणि आक्काला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग अंगणातून विहिरीपर्यंत जाताना, मग नुसती उठून बसताना. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. हृदयाची ताकद कमी झाली आहे म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या आणि मग कागदाच्या मागच्या बाजूला दोन आकडे लिहिले. मीठ दिवसाला चार ग्रॅम. पाणी सव्वा लिटर, आणि त्यात जे जे पातळ पोटात जाईल ते सगळं धरायचं.

"रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा काका," त्या म्हणाल्या. "वाढायला लागलं तर लगेच फोन करा."

मी मान हलवली. आकडे मिळाल्यावर मला खरं तर बरंच वाटलं होतं. आजाराचं मला काही कळत नाही, पण चार ग्रॅम म्हणजे काय ते कळतं.

घरी येऊन मी आक्काला पाटावरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. "आजपासून मी रांधणार. तू फक्त सांगायचं."

"काय सांगायचं?"

"काय किती घालायचं ते."

"ते कसं सांगणार?"

तिथून माझ्या गोंधळाला सुरुवात झाली. मी सोनाराकडे असतो तसला एक लहान काटा आणि पातेल्यांसाठी एक मोठा मागवला, शंभर मिलिलिटरचा मेजरिंग सिलिंडर आणला, आणि ओट्यावरच्या भिंतीला एक मोठा कागद चिकटवला. त्यावर तक्ता केला. एक वाटी तांदूळ म्हणजे किती ग्रॅम, एक वाटी रवा किती, पोहे किती. वाटी एकच, पण तांदळाची सव्वाशे ग्रॅमला गेली आणि पोह्यांची पन्नासच्या आसपास घोटाळत राहिली. तांदळाचं पीठ तर छळायला लागलं. चाळून भरलं तर एक वजन, डब्यातून सरळ घेतलं तर दुसरं, वाटी ओट्यावर दोनदा आपटली तर तिसरं. आक्का खुर्चीतून म्हणाली, "पीठ तेच आहे रे, तूच दरवेळी वेगळा भरतोयस."

मिठाचंही तसंच. आमच्याकडे दोन बरण्या, एक बारीक मिठाची, एक खड्याची. चमचा तोच. बारीक मीठ सहा ग्रॅम भरलं, खड्याचं पाचाच्याही आत. म्हणजे मीठ एकच, चमचा एकच, आणि खड्याखड्यांच्या मधे जी हवा बसली होती तिनं माझा हिशोब खाल्ला. मी खड्याची बरणी माळ्यावर टाकली.

सगळ्यांत मोठा पेच पेजेनं घातला. आक्काला सकाळी पेज लागते. वाटीभर तांदळाला आठ वाट्या पाणी, मऊ होईस्तोवर रटरटवायचं. आता ही पेज कशात धरायची? मी शिजवण्याआधी पातेलं काट्यावर ठेवलं, शिजल्यावर पुन्हा ठेवलं, किती वाफ गेली ते काढलं. पण राहिलेल्या पाण्यातलं किती तांदळाच्या पोटात गेलं आणि किती सुटं राहिलं?

"आक्का, पेज पितात की खातात?"

"म्हणजे?"

"पीत असतील तर पाण्यात धरायला हवी. खात असतील तर नको."

तिनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "सकाळची पितात," ती म्हणाली. "उरली, दुपारी दाटली, की खातात."

मी वहीत सकाळची पेज पाण्यात लिहिली आणि दुपारची जेवणात. ते बरोबर होतं की चूक, मला अजून माहीत नाही.

बाहेर ऊन असं तापलेलं की अंगणातल्या जांभ्या दगडावर अनवाणी पाय ठरत नसे. आंबा उतरत होता, घराघरातून अढीचा वास यायचा, आणि आमच्या घरात आक्काच्या जिभेवरून एकेक गोष्ट जात होती. लोणचं गेलं, पापड गेला, सुकट गेली. कैरी मिठाशिवाय देऊन पाहिली, तिनं एक फोड चावली आणि पदराआड थुंकली. डाळीचा पहिला घास घेतला की ती क्षणभर थांबायची, मग गिळायची. तक्रार नाही. उलट मला म्हणायची, "छान झालंय." ते ऐकवायचं नाही.

मग एके दिवशी तिनंच सुचवलं, "सोलकढी कर की. तिला मीठ नको."

दर मे महिन्यात हेदवीहून तिच्या जावेकडचे रातांबे पोत्यातून येत. आक्का ते फोडायची, सालं बरणीत भरायची, रोज हलवायची, आणि काही दिवसांनी बरणीत गडद लाल रस उतरायचा. तेच आगळ. आधीच्या वर्षीच्या दोन बाटल्या फडताळात होत्या. मी नारळाचं दूध काढलं, लसूण ठेचली, आगळ घातलं. मीठ घातलं नाही. आक्कानं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर गुलाबी रेघ होती. तिनं डोळे मिटले होते. "वसू," ती म्हणाली, "जीव आला बघ."

त्या दिवसापासून दोन्ही वेळा सोलकढी. वाटीला पंधरा मिलिलिटर आगळ, दिवसाचं तीस. पातळ पदार्थ, म्हणून मी सिलिंडरनं मोजलं आणि पाण्याच्या रकान्यात लिहिलं.

आक्का सुधारली. निदान मला तसं वाटलं. जेवू लागली, बोलू लागली. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहायची आणि मी वाकून आकडा वाचायचो. बावन्न किलो तीनशे. बावन्न सातशे. त्रेपन्न. त्रेपन्न सहाशे. चौपन्न तीनशे. आजारपणात पार वाळलेली बाई भरून येत होती. सुगंधा पाटी उतरवून दारात टेकली आणि तीही म्हणाली, "बाय, आता कशी भरल्यागत दिसतेस. मास्तरांच्या हाताला गुण हाय."

मी किती खूश झालो होतो! वजन वाढलं तर फोन करा, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य मला आठवत नव्हतं असं नाही. पण ते माझ्या डोक्यात कसं कोण जाणे, चांगली बातमी कळवा असं जाऊन बसलं होतं. आणखी किलोभर वाढू दे, मग फोन करू, असं मी ठरवून ठेवलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी आक्काला आडवं होता येईना. उशीला पाठ लावली की धाप. मी तिच्या पायाशी बसलो, घोट्याला हात लावला, तर बोट आत रुतलं आणि काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकत होता, आणि मी मनात आकडे म्हणत होतो. सकाळी एक ग्रॅम दोन, दुपारी एक ग्रॅम चार.

डॉक्टरीणबाईंनी तिला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, मग माझ्या हातातली वही घेतली. वजनाचं पान उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काका, दोन किलो वाढलंय. फोन का नाही केलात?"

"मला वाटलं, अंगाला लागतंय."

"हे अंग नाही काका. हे पाणी आहे. साठलेलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ना?"

हे त्या मला सांगत होत्या. मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवलेली ही गोष्ट. आक्काच्या अंगात दोन लिटर पाणी भरत होतं आणि मी रोज सकाळी वाकून, चष्मा पुसून, ते आनंदानं लिहून घेत होतो.

मग त्यांनी जेवणाची पानं पाहिली. सावकाश, एकेक. "मीठ तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पाणीही. मग एवढं का साठलं?" त्यांनाही कळेना. "काहीतरी लिहायचं राहतंय तुमच्याकडून."

आक्का तीन दिवस तिथं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी येऊन स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायला बसलो. काय शोधतोय ते माहीत नव्हतं. डाळ, गूळ, तिखट, आमसुलं. नारळाच्या दुधाचा पेलाही ठेवला. मग आगळाची बाटली हातात आली. सिलिंडरमध्ये शंभर मिलिलिटर ओतलं, आणि आयुष्यभराचा नियम मोडून पातळ पदार्थ काट्यावर ठेवला. सिलिंडरचं वजन वजा केलं. एकशे चौदा ग्रॅम.

मी पुन्हा ओतलं, पुन्हा ठेवलं. एकशे चौदा.

पाणी असतं तर शंभर भरलं असतं. वरचे चौदा ग्रॅम कुठून आले? मी बोट बुडवून चाटलं. इतकी वर्षं सोलकढी प्यालो, पण नुसतं आगळ कधी जिभेवर घेतलं नव्हतं. आंबट लागायच्या आधी खारट लागलं, डोळ्यांत पाणी येईल इतकं. मिठाशिवाय सालांना रस सुटत नाही, मिठाशिवाय तो वर्षभर टिकतही नाही. घराघरात माहीत असलेली गोष्ट. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं होतो आणि मला ती माहीत नव्हती. दिवसाच्या तीस मिलिलिटरमध्ये अंदाजे चार ग्रॅम. मी मोजून दिलेलं चार आणि हे चार.

संध्याकाळी दवाखान्यात आक्का उठून बसली होती. चेहरा उतरला होता, पण श्वास सरळ होता. मी विचारलं, "आक्का, आगळात मीठ असतं?"

"मग काय असतं?"

"तुला माहीत होतं?"

"मीच घातलं ना रे ते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती खिडकीकडे बघायला लागली. "तू विचारलंस कुठं?"

घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी, मी काही बोललेलो नसताना, ती स्वतःच म्हणाली, "मला वाटलं तू धरलंच असशील. तू तर वाफसुद्धा धरतोस." तेही मला पटलं. आणि पुढं एकदा मी मागच्या दारी भांडी घासत होतो, पुढच्या दारात सुगंधा बसली होती, तेव्हा आक्काचा हळू आवाज ऐकू आला. "तेवढंच एक राहिलं होतं गं तोंडाला." सुगंधा म्हणाली, "आणि जीव गेला असता म्हंजे?"

यातलं खरं कुठलं? मी पुष्कळ दिवस विचार केला. ती विसरली होती, की माझ्यावर विसंबली होती, की तिनं मला फसवलं? कधी वाटतं तिन्ही. रागावावं तर कोणावर तेही कळेना. फडताळातली दुसरी बाटली मी सुगंधाला देऊन टाकली. ती घेताना आक्का तिच्याकडे बघत नव्हती.

त्यानंतरच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आक्काला विचारलं, "आजी, तुम्ही मीठ घालायचात ते कसं?" आक्कानं तीन बोटं जुळवून दाखवली. "मग काकांच्या काट्यावर तीच चिमूट टाका बघू," त्या म्हणाल्या.

घरी आम्ही टाकली. दहा वेळा. आक्का बरणीत बोटं घालायची, काट्यावर सोडायची, मी आकडा वाचायचो. दहाही वेळा अर्ध्या ग्रॅमच्या अवतीभवती, केसाइतका फरक. मग मी माझी चिमूट टाकली. पहिली पाव ग्रॅम, दुसरी पाऊण. आक्का हसली. आजारपणात पहिल्यांदा मोठ्यानं हसली. "तीस वर्षं काय केलंस रे तिथं?"

तेव्हापासून सकाळी ती एका झाकणात आपल्या हातानं आठ चिमटी काढून ठेवते. दिवसभराचं तेवढंच, कशात किती घालायचं ते ती ठरवते. कधी भाजीला चार देते आणि बाकी सगळं अळणी खाते. कधी सगळं दिवसभर पुरवून वापरते. मी वजन लिहितो, आता चार दिवस सरळ रेषेत असेल तर खूश होतो. ते झाकण सुरुवातीला रोज काट्यावर ठेवायचो. नंतर कमी केलं. बंद केलं असं मात्र म्हणवत नाही.

यंदा तिच्या जावेचा हात मोडला. रातांबे झाडाखाली सडायला लागले, तेव्हा आक्का हट्टाला पेटली. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवसांची परवानगी दिली, गोळ्या आणि वजनकाटा बरोबर न्यायच्या बोलीवर. मागच्या आठवड्यात मी तिला गाडीत बसवून हेदवीला सोडून आलो. खळ्यात बसून ती रातांबे फोडते, बाकीच्या बायकांना मीठ किती ते सांगते, आणि स्वतः आगळाला बोट लावत नाही, असं ती फोनवर सांगते. मी विश्वास ठेवतो. म्हणजे, ठेवायचं ठरवलं आहे.

आज दुपारी मी एकट्यासाठी डाळ-भात केला. पान वाढून घेतलं, घास घेतला आणि थांबलो. अळणी होतं. दोन वर्षं आक्काचं आणि माझं एकाच पातेल्यात शिजतंय. ती समोर बसून तसं जेवत असताना मी वेगळं मीठ घेणं मला जमलं नाही, आणि नंतर नंतर ते जाणवेनासंही झालं. आता समोर कोणी नव्हतं. मिठाची बरणी हाताशी होती. झाकण उघडलं आणि मला कळलं की किती घ्यायचं ते मला ठाऊक नाही. मला स्वतःला मीठ किती लागतं याचा आकडाच माझ्याकडे नव्हता.

मी फोन लावला.

"आक्का, मीठ किती घालू?"

"किती जणांना?"

"मला. एकट्याला."

तिच्या मागं बायकांचा गलका चालू होता. "तुझं तुला कळत नाही?"

"नाही."

"अरे, तुला तर पहिल्यापासून जास्त लागतं. आई तुझ्या पानात वेगळं वाढायची." मग ती जराशी अडखळली. "तू घेतच असशील ना? माझ्या माघारी?"

"नाही."

"दोन वर्षांत? एकदाही नाही?"

"नाही."

ती उठून दुसरीकडे गेली असावी, कारण गलका कमी झाला. कितीतरी वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, सरळ, न अडकणारा.

"मेल्या," ती म्हणाली. "मी समजत होते, तू चोरून खातोस."

मी बरणी जवळ ओढली.

"घाल," ती म्हणाली. "हातानं घाल. काट्याकडे जाऊ नकोस."

मी घातलं. कालवलं. घास घेतला.

"काय? झालं पुरेसं?"

"कळत नाही गं."

"मग आणखी थोडं घाल," आक्का म्हणाली, आणि मी पुन्हा कालवून घास गिळेपर्यंत फोनवर थांबून राहिली.